टेकपुढचे एकतीस शब्द

इंडोनेशियातल्या पोनोरोगो गावच्या त्या केंद्रात घरकामाच्या बायका तयार करून सिंगापूरला धाडत. आल्या आल्या केस कापायचे, फोन जमा करायचा आणि भिंतीवरचा इंग्रजी तक्ता घोकायचा: टेक बाथ, टेक बस, टेक मेडिसिन. टेकपुढे असे एकतीस शब्द होते. विनार्ती ते झोपेतही बरळायची.

आज तिची मुलाखत होती आणि सकाळीच ऑफिसात तिच्या आईचा फोन आला. विनार्तीची तीन वर्षांची लेक निंग तापाने फणफणली होती, डोळे उघडत नव्हती.

"बाई, पाया पडते, दोन दिवस जाऊन येते."

"सुट्टी द्यायला मी कोण?" केंद्र चालवणाऱ्या एन्दांगबाई खेकसल्या. "नोकरी लागली की तुझ्या मॅडमलाच विचार."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सिंगापूरच्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, बाळाला ताप आला तर काय करशील? विनार्तीने सरावाची प्लास्टिकची बाहुली उचलली, तिच्या काखेत थर्मामीटर धरला आणि सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

मॅडम खूश झाल्या. "तुलाच घेतली. काही विचारायचंय?"

"मॅडम, आय टेक..."

विनार्ती अडली. तिची नजर तक्त्यावर वरपासून खालपर्यंत धावली. सुट्टीचा शब्द कुठेच नव्हता. मेल्यांनी तो लिहिलाच नव्हता!

"आय टेक... आय टेक..." तिने बाहुली छातीशी आवळली.

मॅडम प्रेमाने हसल्या. "टेक युवर टाइम."

तक्त्यावर तोही शब्द नव्हता.