खाडीकाठचे प्रवाळदगडी घर

माझ्या अंगणाकडच्या भिंतीत नखाएवढी एक चांदणी आहे. जवळून पाहिले तर तिच्या बारीक कडाही दिसतात. ती कुणा कारागिराने कोरलेली नाही; समुद्रातल्या इवल्या प्रवाळजीवांनी ती घडवली. मित्रांनो, मी दुबईच्या खाडीकाठी, बर दुबई या जुन्या भागातले एक घर आहे आणि माझा प्रत्येक दगड असाच समुद्रातून आला आहे.

मोत्यांचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने मला बांधले. प्रवाळदगड सच्छिद्र, म्हणून वजनाला हलका आणि सावकाश तापणारा. छताला आफ्रिकेहून गलबतातून आलेले खारफुटीचे वासे. पण माझा खरा अभिमान म्हणजे वाऱ्याचा मनोरा. चारही बाजूंनी उघडा असल्याने कुठलाही वारा पकडून तो खालच्या खोलीत सोडी. पुढे एसी आले आणि मनोऱ्याचे तोंड फळ्यांनी बंद झाले.

१९९० नंतर शेजारची घरे पाडून इमारती उठल्या. माझे मालक अहमद यांना मात्र काही ठरवता येईना. दापोलीची बानू माझ्यात भाड्याने राहून कपडे शिवत असे. ती विचारी, "अहमदभाई, घर रखना है की गिराना है? मैं बिस्तरा बांधूं क्या?"

"अगले साल देखेंगे, इन्शाल्ला."

"आपका अगला साल उंट पे आता है क्या?"

मी कोसळू नये म्हणून तिने गावचा महादू बोलावला. तो दुबईतच, जबल अली बंदराकडे गवंडी होता. शुक्रवारच्या सुट्ट्यांत, कोकणात पावसाआधी करतात तसा त्याने मायेने सिमेंटचा गिलावा केला. पण माझ्या भिंतींना श्वास लागतो. जुन्या जिप्समच्या गिलाव्यातून जमिनीतली ओल बाहेर पडत असे. आता ती मिठासकट आत कोंडली. पुढच्या उन्हाळ्यात गिलावा फुगला, दगड भुरभुरू लागले.

"काय रे मेल्या, औषध दिलंस की विष?" बानू म्हणाली.

"चुकलंच, बानूताय. तिकडची रीत इकडे लावली."

अहमद पाहायला आले. "अब क्या बचा है इसमें?" ते खिन्नपणे म्हणाले. तेवढ्यात वीज गेली. खोली तापू लागली, तसा महादू वर चढला आणि त्याने मनोऱ्याच्या फळ्या काढल्या. वारा सरळ खाली उतरला. अहमद त्याच्याखाली जमिनीवरच बसले.

"मेरी माँ यहीं सोती थी," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसती माया पुरत नाही. ती कशाची बनली आहे, हे आधी समजून घ्या.

 मग अहमद उठले, अंगातला लांब पांढरा कंदुरा झटकला.

"बानू, बिस्तरा मत बांधो. घर नहीं गिरेगा. महादू, सारा सिमेंट उतारो, यल्ला, चलो!"