पंप बंद झाले

दुपारी पंप बंद झाले आणि खाणीच्या तोंडाशी बसलेल्यांनी माना वर केल्या. त्या घरघरीनं इतके दिवस कान किटले होते, पण आधार होता तो तिचाच. पाणी उपसलं जातंय, म्हणजे आत अडकलेलं कुणीतरी जिवंत असेल. आता साहेब पत्र्याच्या शेडपाशी आले, टोपी काढली आणि खाली बघूनच बोलले. उपसावं त्याहून जास्त पाणी आत शिरतंय. आणखी कुणाला उतरवलं तर तोही हातचा जाईल.

म्हातारे आबा तिथेच बसले होते. उभा जन्म त्याच खाणीत गेला होता. विचारण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांना कळत होतं. आत त्यांचा एकुलता एक लेक होता. शेजारी सून बसली होती, सकाळचा चहा तसाच हातात धरून. त्यावर साय धरली होती.

तरुणपणी आबा स्वतः तिथेच दरडीखाली गाडले गेले होते. अंधारात देव त्यांना म्हणाला, मी तुला सोडणार नाही, आणि ते जिवंत बाहेर आले. जिथं कुणी खचलं तिथं आबा ही गोष्ट सांगायचे. लेक तर ती बापाच्या खोकल्यासकट म्हणून दाखवायचा. पाणी शिरल्यापासून शेडमध्ये आबा तेच सांगत फिरत होते, आणि बायका त्यांचा हात धरून ऐकत होत्या. आज एकीनं आपलं पांघरूण गोळा केलं आणि त्यांच्याकडे न बघताच निघून गेली.

सून म्हणाली, "आबा, तुम्हाला काढलं तेव्हा आत किती जण राहिले?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"तिघं."

"त्यांना काय सांगितलं होतं देवानं?"

 आबांनी अडखळत सांगितलं. आवाज वरून आला नव्हता. बाजूला, बुटका म्हणत तो गडी अडकला होता, छातीवर धोंडा. गाडी भरायला याला शिडी द्या, अशी ज्याची रोज चेष्टा व्हायची, तो. तोच सारखा म्हणत होता, देव आपल्याला सोडणार नाही, गड्या. बुटका 'आपल्याला' म्हणाला होता. सांगता सांगता आबांच्या तोंडी त्याचं 'तुला' कधी झालं, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"घाबरला नव्हता?"

"रडत होता. पण म्हणायचं सोडलं नाही. मग आवाज यायचा थांबला."

सुनेनं चहा बाजूला ठेवला. "आणि हे एकटेच असतील तर? यांना कोण म्हणेल?"

आबा उठले.  पंपवाल्यानं तोंडाशी आडवा बांधलेला दोर वर उचलून त्यांना जाऊ दिलं. खाली नुसतं काळं पाणी होतं. त्याला ऐकू जायचं नाही, आबा, असं पंपवाला हळूच म्हणाला. ठाऊक आहे, असं म्हणून आबा वाकले.

"देव आपल्याला सोडणार नाही, पोरा."

मनात कुठेच उजेड पडला नाही. वाक्य तेवढं बाहेर आलं, इतकंच. सून मागून आली आणि त्यांची बाही धरून उभी राहिली.

कुणीच मिळालं नाही. पुढे खाणीचं तोंड बुजवून टाकलं. सून कापडाच्या गिरणीत जाऊ लागली. आबांनी आपणहून गोष्ट सांगणं सोडलं; कुणी फारच मागे लागलं तर सांगायचे, पण बुटक्यासकट, आणि आत राहिलेल्या बाकी दोघांसकट. संध्याकाळी जेवायच्या आधी ते बुटक्याचं तेवढं वाक्य म्हणायचे. काही संध्याकाळी जीभ उचलायची नाही.

"आज म्हटलं नाहीत," सून आतून म्हणायची.

"होत नाही गं."

मग भांडी घासता घासता, कोरड्या आवाजात, तीच म्हणायची. तिचा त्यावर विश्वास होता की नाही, हे आबांनी कधी विचारलं नाही. ताट पुढे ओढून ते जेवायला लागायचे.