एकला का एकली

गुरुवारी दुपारी प्रमिलाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरायची नाही. तापीकाठच्या त्या गावातली माणसं तर असायचीच, पण लोणखेड्याची, शहाद्याची, पार खापरकडचीही यायची. ट्रॅक्टर केळीच्या बांधाला, मोटरसायकली गोठ्यापर्यंत. चपलांचा ढीग तर एवढा, की परत जाताना निम्मे लोक दुसऱ्याच्या चपला घालून जात आणि तीही बापूंचीच लीला म्हणून सांगत.

आत भाग्येशच्या खोलीत टीव्हीखाली त्याचा व्हिडिओ गेमचा काळा डबा. शहाण्या लोकांच्या भाषेत कन्सोल. त्याला झेंडूचा हार, पुढे समई, उदबत्ती. डब्याचा निळा दिवा लागला की बायका हात जोडत. शेजारी मखमलीवर भाग्येशचा हेडफोन. वायर नाही, काही नाही.

"पाहा, नीट पाहा!" नादबापू हेडफोन दोन बोटांत धरून गर्दीला दाखवत. "वायर दिसते का? नाही! वायर देहाला असते, आत्म्याला नसते. अरे, आत्मा म्हणजे वायफाय! टॉवर वैकुंठात आणि रिचार्ज भक्तीचा!"

"मी सोता देखं, भो," गावातले धुडकूआप्पा शेजारच्याला सांगायचे. डब्याच्या मागे वाकून पाहण्याचा मान पहिल्याच गुरुवारी त्यांना मिळाला होता. "डबाना मांगे एक वायर टीव्हीनी, एक लाइटनी. हेडफोनले काहीच नही शे!"

मग प्रमिलाबाई पाटावर बसत. बापू त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवत. सगळं अंगण गप्प होई. बापू डोळे मिटून आरोळी ठोकत, "बोल बेटा!" आणि प्रमिलाबाईंच्या कानात त्यांचा मेलेला मुलगा बोले.

"घाबरू नको. मी शे ना."

आवाज भाग्येशचाच होता. त्यात तिळमात्र शंका नाही. आईला आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. तो थोडा नाकातला स्वर, 'शे' वर जरा रेंगाळणं, सगळं त्याचंच. प्रमिलाबाई ओक्साबोक्शी रडत आणि बाहेर जयजयकार होई.

भाग्येश गेला तो शहाद्याच्या रस्त्यावर. अंधारात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही. प्रमिलाबाईंचा नवरा त्याआधीच गेलेला, मुलगी चेतना लग्न होऊन खांडबाऱ्याला, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. मोठं घर, पिकलेली केळी, आणि बोलायला भिंती. तोंडातून दिवसभर शब्द निघाला नाही की प्रमिलाबाई उगाच मांजरीला हाका मारत, फक्त घसा बसला तर नाही ना, हे बघायला.

भाग्येश जिवंत होता तेव्हा हाच हेडफोन त्यांचा वैरी होता. पोरगा संध्याकाळी तो कानावर चढवून गेम खेळत बसायचा, आणि प्रमिलाबाई दारातून ओरडायच्या, "जेवाले चाल रे! ऐकू येस का नही?" ऐकू कुठलं येतंय! शेवटी त्या टीव्हीसमोर उभ्या राहायच्या. आता त्याच खोलीत त्या कान देऊन बसायच्या, आणि एवढ्याशा दोन-चार शब्दांसाठी गुरुवारची वाट पाहायच्या. बुधवारी त्यांना भूक लागत नसे.

नादबापूंना गावात आणलं भूपेंद्रने. लोणखेड्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. भाग्येशचा जिवलग दोस्त. भाग्येश आपल्या घरी, हा आपल्या घरी, आणि दोघे नेटवरून मिळून गेम खेळायचे. दोस्त गेल्यावर भूपेंद्र खुळ्यासारखा झाला होता, तशात त्याला कुठल्याशा सत्संगात बापू भेटले. बापू मूळचे कुठले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बोलायचे शुद्ध मराठी, मध्येच हिंदी, आणि अहिराणी ऐकली की नुसतं गोड हसायचे.

"काकी, हेडफोन मी चार्ज करी ठेवस," असं म्हणून भूपेंद्र दर गुरुवारी आधी यायचा. गर्दी जमली की दाराशी हात खिशात घालून उभा राहायचा. रडायचा तोही. खरंच रडायचा.

इथपर्यंत फार बिघडलं नव्हतं, असं कोणी म्हणेल. एका आईला समाधान मिळतंय, मिळू द्या की! पण बापूंची माया अशी फुकट नसते. एका गुरुवारी हेडफोनमधून काहीच आलं नाही. प्रमिलाबाई घाबऱ्या झाल्या. बापूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"माताजी, मुलगी फोन करते का?"

"करस ना. रोज करस."

"ती शंका घेते. शंकेने लाइन कटते. मुलाचा आवाज हवा असेल तर मुलीचं नातं सोडावं लागेल. पौर्णिमेला या खोलीत आपली गादी बसेल. तेव्हा सगळ्यांसमोर नारळावर हात ठेवून सांगायचं, की मला मुलगी नाही."

आणि गंमत पाहा, प्रमिलाबाईंनी मान हलवली. मेलेल्या पोरासाठी जिवंत पोरगी सोडायला ही बाई तयार झाली! हसू नका. तुमच्या कानात तुमचं गेलेलं माणूस बोललं असतं, तर तुम्हीही काय काय सोडलं असतं ते तुम्हालाच ठाऊक. त्यांनी चेतनाचे फोन उचलणं बंद केलं. फोन वाजायचा, त्या पदर तोंडात धरून बसायच्या, आणि तो थांबला की घर आणखीच मोठं वाटायचं.

लगेचच्या गुरुवारी बक्षीस म्हणून आवाज परत आला, आणि त्यात नवं वाक्य होतं.

"आते एकला जाऊ नको. मी ई ऱ्हायनू."

प्रमिलाबाईंनी ते मोठ्याने सांगितलं, तसा बापूंनी लगेच अर्थ लावला. "ऐकलंत? आईला म्हणतोय, एकटी जाऊ नकोस, मी येतोय! मुलगा गादीवर येतोय!" अंगणात नुसता कल्लोळ.

घरी कोणी उरलं नाही तेव्हा प्रमिलाबाई तांदूळ निवडत बसल्या. निवडता निवडता हात थांबला. एकला? बाप्याला म्हणतात एकला. बाईला एकली. भाग्येश बोबडं बोलायचा तेव्हापासून कधी त्याने त्यांना 'एकला' म्हटलं नव्हतं. मग हा पोरगा कोणाला सांगतोय, एकला जाऊ नको म्हणून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूंना विचारलं. बापू गडबडले, पण क्षणभरच. "माताजी, आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नसतो!"

"मरी गया तरी माय ती मायच ना, बापू?"

"वैकुंठात व्याकरण नसतं," बापू म्हणाले आणि उठून गेले.

प्रमिलाबाईंनी बराच वेळ फोन नुसता हातात धरला. मग चेतनाला लावला. पलीकडून आधी रागावणं झालं, मग रडणं झालं. सगळं ऐकून चेतना एकाच शब्दावर अडली.

"एकला? माय, तुले?"

"तेच तर ईचारस मी."

"पौर्णिमाले मी ईसू. तू कोनले सांगू नको."

पौर्णिमेला मांडव पडला. गादी आली, नारळ आला. बापू नव्या भगव्या रेशमात. चेतना गर्दीतून वाट काढत आत शिरली तशी कुजबुज सुरू झाली. बापू कडाडले, "हिला बाहेर काढा! लाइन कटेल!"

"मन्ही आंडेर शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. आंडेर, म्हणजे पोटची लेक. "घर बी तिनंच शे. ऱ्हाऊ द्या तिले."

चेतनाने बापूंना चक्क नमस्कार केला. "बापू, आवाज या डब्यातून हेडफोनमध्ये येतो ना?"

"आत्मा या यंत्रात वास करतो, आणि तिथून मातेच्या कानी जातो."

"बरं." तिने डब्याच्या मागे हात घालून बोटाच्या पेराएवढा एक तुकडा ओढून काढला आणि सगळ्यांना दाखवला. "भाग्येशने हा हेडफोन घेतला तेव्हा तो या डब्याला जोडलाच जाईना. मोबाइलला झटकन जोडला जायचा, डब्याला नाही. मला फोन करून केवढा वैतागला होता! मग हा तुकडा मीच मागवून दिला. हा असला तर डब्याचा आवाज हेडफोनमध्ये जातो. हा काढला की डबा मुका. आता बोलवा त्याला."

बापूंनी भूपेंद्रकडे पाहिलं. भूपेंद्रने त्यांच्याकडे. पण गर्दीपुढे माघार कशी घ्यायची? त्यांनी प्रमिलाबाईंच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "बोल बेटा!"

"घाबरू नको. मी शे ना," हेडफोन बोलला. प्रमिलाबाईंनी तसं सांगितलं आणि जयजयकार झाला. बापू फुलले. "पाहिलंत? आत्म्याला तुकड्याची गरज नाही!"

"आत्म्याला नाही, पण डब्याला आहे," चेतना म्हणाली. "म्हणजे आवाज डब्यातून येत नाही, एवढं तर ठरलं. मग कुठून येतो? हा हेडफोन बिनवायरचा आहे. बिनवायरचा म्हणजे बिनमालकाचा नव्हे. ज्या फोनशी जोडाल, त्याचं तो ऐकतो. फोन खोलीत असो, दाराशी असो, कोणाच्या खिशात असो."

तिने आईच्या कानावरच हेडफोनचं बटण दाबून धरलं, आणि आपल्या फोनशी तो जोडून टाकला. आता तो दुसऱ्या कोणाचा राहिला नाही. ती बाजूला झाली. "बोलवा बापू, पुन्हा एकदा."

"बोल बेटा!" बापू गरजले.

आणि भाग्येश बोलला. पण हेडफोनमधून नाही. दाराशी उभ्या भूपेंद्रच्या खिशातून, खणखणीत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"आते एकला जाऊ नको. मी ई ऱ्हायनू."

भूपेंद्र खिसा दाबत होता, आणि खिसा बोलत होता. "घाबरू नको. मी शे ना." धुडकूआप्पांचं तोंड उघडं ते उघडंच. मागून कोणी पोट धरून हसलं, आणि त्या हसण्यात बापूंचं रेशीम मागच्या दाराने केळीच्या बागेत गडप झालं. चार गडी मागे धावले. पुढे पोलिसांत तक्रार झाली.

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्या भूपेंद्रसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हाई बोलना तो. खरंच बोलना. कोनले?"

भूपेंद्रने खिशातला फोन काढून त्यांच्या हातात दिला. "माले, काकी. खेळताना. मी गेममा घाबरस, एकलाच पुढे पळस, तवय म्हने. मी ते रेकॉर्ड करी ठेयेल व्हतं. रोज ऐकू. बापूले ऐकाडं, तर ते म्हनात, मायले बी ऐकाड, पुण्य लागी."

एवढंच होतं ते. दोन दोस्त खेळताना बोलले होते. गेल्यावर मुलगा आईशी कधी बोललाच नव्हता. प्रमिलाबाईंना तेव्हा तो दुसऱ्यांदा गेला. चेतनाने त्यांना धरलं आणि त्या मोठ्याने रडल्या. या वेळी कोणी जयजयकार केला नाही.

लोक चपला शोधू लागले. धुडकूआप्पा खाकरले. "आम्हले काय माहीत, बाई? आम्हीन तर तुन्हाकरताच येत व्हतूत."

"मन्हाकरता?" प्रमिलाबाईंनी डोळे पुसले. "मन्हा पोऱ्या मरी गया. मरेल मानूस बोलत नही. बोलस असं जो सांगी, पहिले त्याना खिसा देखा. पन एक सांगा, आप्पा. तेरावा व्हयना, त्यानंतर या दारमा कोन उनं? तुम्हीन उनात का? मी दिवसभर भितडासंगे बोलू. बापूले मी नही बोलावं. रिकामं घर देखीसन तो उना."

आप्पांनी हातात घेतलेल्या चपला परत खाली ठेवल्या. 

लोकहो, चमत्काराच्या मागे कुठेतरी फोन असतो, धागा असतो, आरसा असतो. तो शोधायला शाळेतल्या पुस्तकाएवढं ज्ञान आणि विचारण्याएवढी हिंमत पुरते. ती असू द्याच. पण बापू लोक शोधत असतात ते अडाणी घर नव्हे, एकाकी घर. म्हणून डोळे उघडे ठेवा, प्रश्न विचारा, आणि ज्या घरातलं माणूस गेलं आहे, त्या घरी चौदाव्या दिवशीही जा.