सिंगलवर मी आहे

माणसाला ओरडता येत नसलं की राग पोटात शिजत राहतो. माझा गेलं वर्षभर शिजतोय. डॉक्टरांनी गाठीबरोबर माझी स्वरपेटीच काढून घेतली. तेव्हापासून गळ्याला रुमाल आणि हातात नातवाची पुसायची पाटी, एवढ्यावर माझा संसार चालतो. पाटीवर जेमतेम सहा-सात शब्द मावतात. जन्मभर मी नवऱ्याला 'अहो, तुम्ही' करत आले. पाटीवर जागा पुरेना म्हणून सरळ 'तू'वर आले. हे त्यावर काही बोलले नाहीत. बोलायची टापच नव्हती.

त्या दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली होती: हे, ह्यांचे धाकटे भाऊ आणि रेकॉर्ड कंपनीतली एक मुलगी. साठच्या दशकात या दोघा भावांचा रॉक बँड होता. हे ड्रम बडवायचे, भाऊजी गायचे, बाकीचे दोघे आता हयात नाहीत. कंपनीला बँडच्या बावीस सिंगल्समधून सर्वोत्तम चौदा गाणी निवडून नवी रेकॉर्ड काढायची होती. सिंगल म्हणजे बशीएवढी तबकडी, दोन्ही बाजूंना एकेक गाणं. तेव्हाची पोरं खाऊ सोडून ती विकत घ्यायची. तर निवडायचा मान हयात असलेल्या दोघांना, आणि चहा करायचा मान मला.

भांडण अर्थातच शिट्टीवरून पेटलं.

"'खिडकीतला कोट' पाहिजेच," भाऊजी म्हणाले. "माझ्या शिट्टीवर पोरी फिदा होत्या."

"पोरी गिटारवाल्यावर फिदा होत्या," हे म्हणाले. "तुझ्या शिट्टीला फक्त कुत्री यायची."

कंपनीची मुलगी हसून लॅपटॉपवर खुणा करत होती. मी पाटीवर लिहिलं, 'कोट नको, तीन चाकं घ्या', आणि वर धरली. तोवर गाडी दोन गाणी पुढे गेली होती. हे नेहमीचंच. माझं वाक्य लिहून होईपर्यंत विषय बदललेला असतो, मग लोक पाटीकडे बघून लहान मुलाचं चित्र बघितल्यासारखं हसतात आणि मान डोलावतात. भाऊजींनी तशीच मान डोलावली. मला त्यांच्या डोक्यात कप घालावासा वाटला.

पण मी गप्प बसले, म्हणजे हात आवरून बसले. कारण मी वाट बघत होते ती 'भाड्याची खोली'ची.

तेव्हा मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दिवसभर 'थांबा हं, जोडून देते' म्हणायचं काम. आमचं लग्न ठरलेलं होतं. एकदा पाळी संपवून ह्यांना भेटायला स्टुडिओत गेले, तर भाऊजींचा आवाज बसलेला, वरचा सूर काही केल्या लागेना. मी कोपऱ्यात उभी राहून तोच सूर गुणगुणत होते. रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते ऐकलं आणि मला माइकसमोर उभं केलं. दुसऱ्या कडव्यापासून शेवटपर्यंत त्या गाण्यात मी आहे. ते सिंगल तुफान चाललं. पुढे मोठ्या रेकॉर्डसाठी, म्हणजे अल्बमसाठी, तेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. म्हणून अल्बममध्ये मी नाही. 'पोरीचा आवाज फार पुढे येतोय,' असं भाऊजी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नव्हतं. कव्हरवर माझं नाव नव्हतं, त्याचं मात्र फारसं वाटलं नाही. रेडिओवर गाणं लागलं की मी लेकीला सांगायची, ही बघ, ही मी. ती खूश व्हायची.

आता तेवढाच माझा आवाज शिल्लक होता. म्हणजे घरातल्या फोनवर आणखी एक होता, उत्तर देणाऱ्या मशीनमध्ये. 'आम्ही घरी नाही, निरोप ठेवा, आणि जेवलात का तेही सांगा.' लेकीने चिडवलं म्हणून तो शेवटचा तुकडा तसाच ठेवला होता. माझ्या ऑपरेशननंतर ती मुद्दाम आम्ही बाहेर असू तेव्हा फोन करायची, नुसती ऐकायची आणि ठेवायची. एक दिवस तो निरोप गेला. विजेचा झटका बसला मशीनला, असं हे म्हणाले. लेक रडली. मीच तिची समजूत घातली, जुनं मशीन होतं गं, असं लिहून पाठवलं.

"'भाड्याची खोली' तर आहेच," मुलगी म्हणाली. "फक्त कुठली घेऊ? सिंगलवरची की अल्बमवरची? दोन्ही टेप माझ्याकडे आहेत."

"अल्बमवरची," हे म्हणाले. एक क्षणही न थांबता.

मी चमच्याने कपावर ठणठण केलं. पाटीवर लिहिलं, 'सिंगलवर मी आहे'. सगळ्यांनी वाचलं. ह्यांनी वाचलं की नाही कळलं नाही, कारण ते साखरेच्या डब्याकडे बघत होते.

"सिंगलची टेप खराब झालीय," ते म्हणाले. "नुसती खरखर आहे."

"नाही काका," मुलगी म्हणाली, "उलट तीच जास्त चांगली आहे. मी कालच ऐकली. ती मागे वरच्या सुरात गाणारी मुलगी कोण, हे मला विचारायचंच होतं."

मी भाऊजींकडे बघितलं. आता ते तोंड उघडणार, पोरीचा आवाज पुढे येतोय म्हणणार, आणि मी आज त्यांची बिनपाण्याने करणार, अशी माझी पूर्ण तयारी होती. पण भाऊजी भावाकडे बघत होते.

"दादा, काय बोलतोयस तू? खरं गाणं सिंगलचंच आहे. वहिनीच्या आवाजावर तर ते चाललं. मी तेव्हाच म्हणालो होतो, पोरीचा आवाज मस्त पुढे येतोय, अल्बमलाही तिला बोलवा. तूच म्हणालास, तिला सुट्टी मिळणार नाही."

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या चहात साखर कमी घालत आले होते. फुकट. पण त्यांची माफी मागायला मला सवड नव्हती, कारण माझ्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला होता. रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर गेला होता, 'पट्टा तुटलाय' म्हणून. लेकीच्या वाढदिवसांच्या, माझा आवाज असलेल्या कॅसेट गायब, 'कुठे ठेवल्यात आठवत नाही' म्हणून. आणि मशीनला विजेचा झटका, जेव्हा त्याच प्लगवरचा रेडिओ ठणठणीत चालू होता.

मी लिहिलं, 'फोनचा निरोप तूच पुसलास?'

ह्यांनी या वेळी नीट वाचलं. साखरेचा डबा बाजूला सरकवला.

"हो."



"तू समोर बसलेली असतेस," हे म्हणाले. "तोंड मिटून. आणि तुझा आवाज त्या डब्यातून येतो. घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. मला नाही गं ऐकवत."

भाऊजींनी डोळे पुसले. मुलीचेही डोळे भरले. दोघंही माझ्याकडे बघायला लागली, की आता ही विरघळणार, नवऱ्याच्या हातावर हात ठेवणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाटी ओढली.

'मी मेले नाही.'

पुसलं. पुन्हा लिहिलं.

'गळा माझा कापला. तुझा नाही.'

पुसलं. घाईत अक्षरं वाकडी येत होती, तरी हे वाट बघत बसले. वर्षभरात पहिल्यांदा माझं लिहून होईपर्यंत कुणीतरी थांबलं होतं.

'तुला ऐकवत नाही म्हणून कुणीच ऐकायचं नाही?'

"तसं नाही गं…"

'माझं दुःखही तूच घेऊन बसलास.'

"मग मी काय करू?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

'कानात बोळे घाल.'

भाऊजी फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. मी मुलीला बोटाने खूण केली, लाव. हे उठायला लागले, पाणी आणतो म्हणाले. मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

गाणं सुरू झालं. ह्यांचे ड्रम, भाऊजींचा बसका आवाज, आणि दुसऱ्या कडव्याला मी. एके ठिकाणी माझा सूर चक्क चढलाय. पण काय बेधडक गात होते! समोर कोण आहे, कव्हरवर नाव येईल की नाही, कशाची म्हणून फिकीर नाही. मी रडले नाही. मला अजूनच राग आला, की हे मला वर्षभर ऐकू दिलं नाही. ह्यांनी बोळे घातले नाहीत. खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मुलीला म्हणाले, "हीच घ्या. आणि नाव टाका हिचं."

मुलगी खुणा करून, सामान आवरून गेली. भाऊजी जाताना दारात माझ्या पाया पडले, नौटंकी कुठले.

आम्ही दोघंच उरलो. मी जिंकले होते, आणि तरी कप विसळताना ते हातातून निसटून आदळत होते.

तेवढ्यात फोन वाजला. ही वेळ लेकीची. हे घाईघाईने उठले. मी त्यांची वाट अडवली. रिंग वाजत राहिली आणि मशीन लागलं. कुणा अनोळखी बाईचा गुळगुळीत आवाज आला, 'कृपया आपला निरोप ठेवा.' पलीकडे लेक क्षणभर थांबली, नुसता श्वास ऐकू आला, आणि तिने फोन ठेवला.

हे माझ्याकडे बघत राहिले. जेवलात का, हे त्या बाईने विचारलं नव्हतं. ते शब्द आता कुठल्याच टेपवर नव्हते.

मी पाटी त्यांच्या तोंडासमोर धरली. तिच्यावर एकच शब्द होता: 'ऐकलंस?'