हेमिशकाकांचं छप्पर

मी पोहोचले तेव्हा हेमिशकाका खोपीच्या आढ्यावर बसून खिळे उपटत होते. अर्धं छप्पर उतरलं होतं. पत्रे गवतावर पडले होते आणि वायव्येचा वारा सुटला होता, म्हणजे दुपारपर्यंत पाऊस नक्की. हे सगळं माझ्या तोंडाळपणामुळे.

"ये रोइमाता," ते वरूनच म्हणाले. "बघ, एकही खिळा ठेवत नाही. आपली मालकीणबाई कशी आहे?"

मालकीणबाई म्हणजे पायात पिवळं-निळं कडं असलेली आमची किआ. किआ हा इथला डोंगरी पोपट. हिमनदीच्या तोंडाशी दगडांत घरटं करतो आणि दिसेल ते चोचीने उचकटतो. मी तिथल्या किआंच्या नोंदी ठेवते, पिल्लं किती जगली ते बघते. या बाईने काकांचं लोणी पळवलं होतं, हातमोजे पळवले होते, एकदा तर कवळीच. काका मेंढ्यांना देतात त्या सगळ्या शिव्या तिला द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लोणी पुन्हा खिडकीतच विसरायचे. मी ओरडले की म्हणायचे, "वय झालं गं, लक्षात राहत नाही."

गेल्या आठवड्यात ती मला दगडांत लटपटताना सापडली. मान टाकलेली, धड उडता येईना. ख्राइस्टचर्चला पशुवैद्याकडे पाठवली, तर रक्तात शिसं निघालं. शिसं चवीला गोड लागतं, किआंना त्याचं वेड. काकांच्या खोपीच्या पत्र्यांना जुने शिशाच्या टोप्यांचे खिळे आहेत हे मला माहीत होतं. झालं, मला आणखी काय पाहिजे? शुक्रवारी खोऱ्यातले सगळे हॉलमध्ये जमले होते. मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "खिळे बदला म्हणून किती वेळा सांगितलं यांना. ऐकतात कुठे? ती मेली, तर यांच्या छपराने मेली म्हणायची."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

आज सकाळी ख्राइस्टचर्चहून पशुवैद्याचा फोन आला. ती पहाटे गेली. पोटातून निघालेल्या तुकड्याचा फोटो त्याने पाठवला होता. "हा खिळा नाही गं," तो म्हणाला. "याला आरपार भोक आहे."

मी लगेच ओळखलं. किआ पकडायचं माझं जाळं हलकं आहे, वाऱ्याने उडतं. यंदा घाईघाईत मी त्याच्या कडेला भावाच्या मासेमारीच्या डब्यातली शिशाची वजनं ओवली. एवढ्याशा कामाला काय होतंय, असं म्हटलं. मध्येच बर्फ पडायला लागला, तेव्हा जाळं पिशवीत कोंबून कपारीत ठेवलं आणि खाली पळाले. किआला पिशवीची चेन उघडता येते. शाळेतल्या पोरांना हे मीच हसून सांगते. शिसं किती वाईट, हेही मीच सांगते. फोन ठेवून कपारीशी गेले. चेन उघडी होती, वजनं कुरतडलेली.

"ती गेली, काका," मी म्हणाले.

ते सावकाश शिडी उतरले. थर्मासातला चहा ओतून मला दिला, मगच बोलले. "वाटलंच मला. वडिलांनी ठोकलेले खिळे हे. हिच्या आधी किती मेल्या असतील, कोणाला ठाऊक. तुझी आयलीनकाकू म्हणते, झोपा आता. पण डोळा लागत नाही."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते. खिळे वाईटच होते. आज ना उद्या काढायचेच होते. पक्षी तर गेलाच. मी गप्प बसले तर कोणाचं काय बिघडणार होतं? लाज वाटते, पण त्यांचाच चहा पीत मी हे सगळं नीट जुळवत होते.

मग आत नजर गेली. उघड्या छपराखाली त्यांचं अंथरूण ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

"खिळ्यांनी नाही मेली ती." मी खिशातलं कुरतडलेलं वजन त्यांच्या हातावर ठेवलं. "हे माझ्या जाळ्याचं आहे. मीच लावलं होतं. मीच वर ठेवून आले."

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"म्हणजे मी नाही मारलं तिला?"

"नाही, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बाहीने डोळे पुसले, मग नाक. "कॉलेजात जाऊन हेच शिकलीस होय," असं काहीतरी पुटपुटले. एरवी आम्ही दोघं हसलो असतो.

"चल, पत्र्याचं टोक धर," ते उठत म्हणाले. "पाऊस येतोय."

नवे पोलादी स्क्रू त्यांनी आधीच आणून ठेवले होते. मी खालून पत्रा धरला, ते वरून स्क्रू पिळत होते.

"आयलीन त्या दिवसापासून दुकानात गेलेली नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लोक काही बोलत नाहीत गं, पण बघतात ना. या शुक्रवारी तिला हॉलमध्ये घेऊन येतो. तू सांगशील?"

"सांगेन."

"मग त्या दिवशी बोललीस तेवढ्याच मोठ्याने सांग. ती मागच्या बाकावर बसते, आणि हल्ली तिला जरा कमी ऐकू येतं."

मी हो म्हटलं आणि पत्रा धरून उभी राहिले. वर बघवत नव्हतं.