बर्फाचा टायर, तुआसचा उतार

सन २०२२, फेब्रुवारी. ऐन हिवाळा. कारखान्याबाहेर कमरेएवढा बर्फ साचला होता, तेव्हा मी साच्यातून बाहेर आलो.

मी लॉरीचा टायर बोलतोय. माझ्या बाजूला एक चिन्ह होतं, डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ते उगाच मिळत नाही. गोठवणाऱ्या थंडीतही ज्याचं रबर मऊ राहतं, ज्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, त्यालाच मिळतं.

असा मी, आणि मला आणलं सिंगापूरला. इथे ऊन आणि पाऊस. तिसरं काही नाही.

मला निवडलं प्रबोधने. मूळचा पुण्याचा, आता टॅम्पिनीसला राहतो. तुआसला त्याचं डाळ-तांदळाचं गोदाम, आणि एक लॉरी. ती लॉरी विश्वास चालवायचा, प्रबोधच्या बायकोचा, म्हणजे स्मिताचा थोरला भाऊ. बँकेतली नोकरी पन्नाशीत गेली, म्हणून बहिणीच्या नवऱ्याकडे कामाला लागला होता.

टायर घ्यायला तिघेही आले होते. दुकानाचा चिनी अंकल हसला. "बॉस, धिस वन स्नो टायर लाह. सिंगापूर व्हेअर गॉट स्नो?"

"बारा महिने चालतो असं लिहिलंय," प्रबोध बायकोला म्हणाला. "जो बर्फात घसरत नाही तो पावसात घसरेल का? घ्यायचं तर वरचंच घ्यावं."

"मग लॉरीला एक स्वेटरही घे," स्मिता म्हणाली.

विश्वासला हसू आलं. प्रबोधला ते लागलं. त्याने सहाच्या सहा टायर घेतले.

माणसांची खोड मी त्या दिवशी ओळखली. आपला रस्ता कसा आहे ते बघत नाहीत. मोठं काय दिसतं ते बघतात. त्याला निवड म्हणतात.

दुपारी इथला रस्ता तव्यासारखा तापतो. थंडीसाठी मऊ ठेवलेलं माझं रबर त्यावर खोडरबरासारखं झिजलं. विश्वास जपून चालवायचा. रोज सकाळी हवा बघायचा, अंगावरून तळहात फिरवायचा. तरी वर्ष भरायच्या आत आमची नक्षी गेली. मी मागच्या जोडीत आतल्या बाजूला, म्हणून माझी थोडी उरली.

प्रबोध गोदामात आला, वाकून टायर बघितले.

"दादा, रेस लावता का रस्त्यावर?"

"मी जपूनच चालवतो."

"म्हणजे टायर भिकार, नाहीतर चालवणारा. दोन्हींपैकी एक बदलायला हवं."

विश्वास 'टायर भिकार' एवढं म्हणाला असता तर सुटला असता. त्या वयात दुसरी नोकरी कोण देणार होतं? पण तो म्हणाला, "टायर चांगला आहे, प्रबोधराव. तुम्ही त्याला चुकीच्या गावी आणलंत."

प्रबोधचा चेहरा उतरला. "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा," म्हणाला आणि निघून गेला.

माझ्या बाजूने कोणी बोललं ते तेवढंच. त्याची किंमत विश्वासने मोजली. ते ऋण माझ्यावर राहिलं.

नवे टायर आले. पाच भाऊ भंगारात गेले. मला विश्वासने कापलं. गोदामासमोरच्या उतारावर लॉरीच्या चाकामागे लाकडी ठोकळा लावायचे, तो पावसात घसरायचा. माझी नक्षीची पट्टी त्याने ठोकळ्याखाली खिळ्यांनी ठोकली. चिन्ह भंगारात गेलं. उरलो तो पायपुसण्याएवढा.

महिना संपत आला होता. धो धो पाऊस. भरलेली लॉरी प्रबोधने स्वतः उतारावर उभी केली आणि फोनवर बोलत खाली उतरला. हँडब्रेक अर्धाच ओढला होता. विश्वासने सवयीने मला चाकामागे सरकवलं आणि पोती उतरवायला लॉरीच्या मागे गेला. त्याच्या पाठीशी गोदामाची भिंत.

लॉरी सुटली.

सगळं वजन माझ्यावर आलं. खालून पाणी वाहत होतं. ज्यासाठी मला घडवलं होतं ते मला आयुष्यात एकदाच करता आलं. मी ते सिमेंट बर्फासारखं धरलं. वर लाकूड कडकडलं. मी तसूभर हललो नाही.

लॉरी थांबली. प्रबोधने धावत जाऊन ब्रेक ओढला.

"दादा! लागलं का?"

"नाही." विश्वासच्या खांद्यावर पोतं तसंच होतं.

"ठोकळा होता म्हणून बरं."

"ठोकळा नेहमीच घसरतो. खाली काय लावलंय ते बघा."

प्रबोध पावसात वाकला. नक्षी त्याने ओळखली. माफी मागितली नाही. उठून म्हणाला, "उद्या लवकर या. यिशुनला माल पोचवायचाय."

महिनाअखेर आली आणि गेली. दुसरीकडे बघायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी त्याच ठोकळ्याखाली आहे. बर्फावर चालायचं राहून गेलं, ते आता होणार नाही. टायर घेताना आधी आपला रस्ता बघा, एवढं ऐका.

विश्वासचं ऋण होतं. ते फिटलं.