उजव्या नळीतले धुके

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दोन नळ्यांची, दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहायची. कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या, आत लोलक बसवले गेले. मग बरेच दिवस दुकानाच्या कपाटात काढल्यावर एका घड्याळजीने मला विकत घेतले.

तो आणि त्याची थोरली बहीण हिवाळ्यात समुद्रकिनारी पक्षी पाहायला जात. ताई रुग्णालयात परिचारिका होती. दोघांत मी एकटीच. ज्याला पक्षी सापडेल त्याने जागचे न हलता मला दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा त्यांचा रिवाज. दूरच्या ओल्या वाळूवरचा तुतवार कोणता आणि चिखल्या कोणता, हे माझ्यामुळे कळे. तेव्हा माझे कौतुकही होई.

मग घड्याळजीला माझ्या उजव्या नळीत धुके दिसू लागले. त्याने मला दुकानाच्या टेबलावर खोलले, काचा पुसल्या, पुन्हा जोडले. धुके तसेच. पुन्हा खोलले. त्या खटाटोपात माझ्या काचेवर चरा पडला आणि मी वरच्या फळीवर जाऊन पडले. मला वाईट वाटे, कारण माझ्यात काहीच बिघडले नव्हते. पण सांगणार कसे?

या हिवाळ्यात ताईने मला हट्टाने खाली काढले. किनाऱ्यावर थंडी झोंबत होती. भरती चढत होती, आणि पाण्याच्या कडेने सरकत पक्षी आमच्याकडे येत होते.

"हिला आता भंगारातच द्यायची," घड्याळजी म्हणाला. "उजवीकडे नुसतं धुकं."

ताईने मला डोळ्यांना लावले. "मला तर चिखल्याच्या पायांचा रंगसुद्धा दिसतोय."

"तुझं काय, तू कशालाही छानच म्हणतेस."

"तुझ्या स्वयंपाकाला कधी म्हटलंय?" मग मला त्याच्या हाती देत ती म्हणाली, "डोळा दाखवून ये रे एकदा."

"उजवा? त्याच डोळ्याला भिंग लावून पोट भरतोय मी, ताई. त्याला काही होऊन कसं चालेल? थांब, दाखवतोच तुला."

त्याने मला वरची बाजू खाली करून डोळ्यांना लावले. माझी उजवी नळी त्याच्या डाव्या डोळ्यासमोर आली. धुके माझ्यात असते, तर तेही डावीकडे जायला हवे होते.

ते उजवीकडेच राहिले.

त्याच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या. समोरचा थवा उडाला, वळला, पुन्हा वाळूवर उतरला.

"दुकान बंद करावं लागेल का गं?"

"मोतीबिंदू असेल. असे कितीतरी बरे होताना पाहिलेत मी. पण आता टाळू नकोस."

"हात अजून स्थिर आहे माझा."

"आहे ना. म्हणूनच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडले नाही. दोघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. उशीर झालाय, पण फार नाही, असे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया ठरली आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, कोरड्या जागी ठेवा, उगाच खोलू नका. आणि आम्हाला टाकून देण्याआधी एकदा दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा. त्याला स्वच्छ दिसले, तर त्याच्यावर चिडू नका. ते ऐकणे किती जड जाते, हे मी फार जवळून पाहिले आहे.